रक्तदानाला गेलो अन् बीपी निघालं, १६८/१०४. गोळी आताच सुरू करू का?

पऱ्हाटीवाला

नमस्कार मंडळी. वय ४३, वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका. सहा एकर वावर आहे, चार एकर पऱ्हाटी म्हणजे कपाशी, दोन एकरात सोयाबीन अन् तूर.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीले आमच्या गावात रक्तदान शिबिर असते. मी अकरा वर्षांपासून देतो. यंदा टेबलावरच्या पोरानं पट्टा बांधला, फुगवला, हवा सोडली, पुन्हा फुगवला. मग हळूच म्हणाला, "काका, आज तुमचं रक्त नाही घेता येत." चिठ्ठीवर लिहून दिलं, १६८/१०४. मागं रांगेत सारं गाव उभं होतं. चिठ्ठी खिशात टाकली अन् महाप्रसाद न घेताच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी एका खासगी दवाखान्यात गेलो. गर्दी होती. बाही वर सरकवली, पट्टा लावला, मोजता मोजता मले नाव, वय, गाव विचारणं सुरूच. १७०/११० निघालं. गोळ्यांचं पाकीट लिहून दिलं अन् सांगतलं, आता आयुष्यभर. रक्त नाही, लघवी नाही, ईसीजी नाही. पाकीट आणलं, भिंतीतल्या देवळीत ठेवलं. चार दिवस झाले, फोडलं नाही.

काहून नाही फोडलं ते सांगतो. माझ्या बाबाले बीपीची गोळी होती. "एकदा लागली का सुटत नाही," असं लोक म्हणत, ते त्यांच्या मनात बसलं. बरं वाटू लागलं तशी त्यांनी सोडून दिली, घरी कोणाले सांगतलं बी नाही. चार महिन्यांनी पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर झूल टाकता टाकता त्यांचा उजवा हात खाली आला अन् पुन्हा उचललाच नाही. वय ५८. पुढची नऊ वर्षं खाटेवर. शेवटपर्यंत माझं नाव त्यांच्या तोंडून धड निघालं नाही. म्हणून मले दोन्हीचं भेव वाटते, गोळी सुरू कराचं बी अन् न कराचं बी.

मले स्वतःले काहीच होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, सोयाबीनचे कट्टे उचलतो. सोंगणीपासून कंबर धरली म्हणून सकाळ-संध्याकाळ दुखण्याची गोळी घेऊन राहिलो, तेवढंच. तंबाखू-सुपारीचा खर्रा दिवसाले चार-पाच. दारू नाही.

दोन वेळच्या मोजण्यावर बीपी धराचं का? कोणत्या तपासण्या करू?

निवृत्त सिस्टर

दादा, तुमच्या बाबांचं वाचून गलबलून आलं. मी ३१ वर्षं आरोग्य सेविका होते, त्यातली बरीचशी हिंगणघाटकडच्या उपकेंद्रात. पोळ्याच्या दिवशी असा हात पडलेले मीही पाहिलेत. म्हणून सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

तुमचे दोन्ही आकडे खोटे नाहीत, पण पुरते खरेही नाहीत. शिबिरात रांगेत उभे होतात, तोंडात खर्रा असेल, आधी चहा झाला असेल. दवाखान्यात बाही वर सरकवली म्हणता, ती दंडाला आवळून बसते. वर बोलणं चालू. या एकेका गोष्टीने आकडा वर जातो. लघवी तुंबलेली असली तरी जातो. हात टेकवलेला नसून लोंबकळत असला तरी जातो.

नीट मोजायचं म्हणजे असं. अर्धा तास आधी चहा, खर्रा, बिडी, मेहनत काही नाही. लघवी करून या. खुर्चीला पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नको. उघड्या दंडावर पट्टा बांधा, हात टेबलावर ठेवा, पट्टा छातीच्या पातळीला आला पाहिजे. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातावर जास्त येतं तोच हात पुढे कायम धरायचा.

आणखी एक, हे बहुतेक जण सांगत नाहीत. शिंप्याकडची टेप घ्या आणि खांदा-कोपराच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. साध्या मशीनसोबतचा पट्टा बहुतेक वेळा २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. कट्टे उचलणाऱ्या माणसाचा दंड ३४-३५ सहज भरतो, आणि आखूड पट्ट्याने बीपी उगाच जास्त दिसतं. मोठा पट्टा मागून घ्या. मशीन दंडावरचंच हवं, मनगटावरचं नको.

उद्याच तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. डॉक्टरांसमोर पुन्हा मोजून घ्या आणि त्यांना विचारून सात दिवस घरी नोंद ठेवा. सकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, आणि संध्याकाळी तसंच दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, उरलेल्या सहा दिवसांची सरासरी काढा. सगळे आकडे वहीत लिहा, आवडलेले तेवढेच नको. दवाखान्यात १४०/९० ची हद्द धरतात, घरी १३५/८५ ची. काहींचं बीपी दवाखान्यातच चढतं आणि घरी ठीक असतं. काहींचं उलटं असतं, दवाखान्यात छान, घरी जास्त. त्यांचं तर कोणाच्या ध्यानातच येत नाही. वहीतून दोन्ही कळतं.

आता तुम्ही जाता जाता लिहिलेली गोष्ट. "सोंगणीपासून दुखण्याची गोळी." म्हणजे महिना झाला असेल, दिवसाला दोन. तिचं नाव वाचा. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यातलं काही असेल तर ती अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, बीपी चढवते आणि किडनीला त्रास देते. गावात या गोळ्या किराणा दुकानातही मिळतात, म्हणून कोणी त्यांना औषधात मोजतच नाही. डॉक्टरांना पाकीटच दाखवा.

आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूची कमजोरी, जीभ जड होणं, नजर अंधारणं यातलं काहीही असेल तर थेट १०८. जिभेखाली गोळी ठेवून बीपी एकदम पाडायला कोणी सांगितलं तर करू नका, त्यानेही लकवा होतो. लक्षण काही नसेल तर शांत बसून पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

सावजीप्रेमी

भाऊ, गोळीच्या भानगडीत पडू नका. सकाळी उपाशापोटी कच्च्या लसणाच्या दोन पाकळ्या आणि शेवग्याचा पाला. आमच्या मामाचं तीन महिन्यांत उतरलं.

लालपरीतला माणूस

लसूण खा की, कोण नाही म्हणतं. पण या भाऊच्या वडिलांचं काय झालं ते वर लिहिलंय, ते वाचून तरी गोळी सोडायला सांगू नका.

मी एसटीत कंडक्टर होतो, पुसद बाजूला. नऊ वर्षांपासून गोळी चालू आहे. पहिली अम्लोडिपिन दिली होती. बीपी उतरलं, पण संध्याकाळपर्यंत घोटे असे सुजायचे की चपलेचा पट्टा रुतून खूण पडायची. मला वाटलं किडनी गेली. सोडणारच होतो. डॉक्टरांना पाय दाखवले तर ते म्हणाले, ही या गोळीची सूज आहे, किडनीची नाही. तरी खात्रीसाठी लघवी-रक्त तपासलं, मग अम्लोडिपिन कमी करून दुसरी गोळी जोडली. पंधरा दिवसांत घोटे पूर्ववत. त्रास झाला तर गोळी बदलता येते, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर ते आठ दिवस झोप उडाली नसती.

दुसरं उन्हाळ्याचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, घाम निथळतो, त्या दिवसांत बीपी आपसूक खाली येतं. एकदा खाटेवरून उठलो आणि डोळ्यापुढे अंधारी येऊन दाराला धरलं. ९८/६० निघालं. डॉक्टरांनी उन्हाळ्यापुरता डोस कमी केला, पावसाळ्यानंतर पुन्हा वाढवला. मनाने सोडली नाही. हगवण-उलटी झाली तरी आधी फोन करून विचारतो, कारण पाणी कमी झालेल्या अंगात काही गोळ्या किडनीला जड जातात.

गोळी मी चहापत्तीच्या डब्यात ठेवतो. सकाळचा चहा चुकत नाही, म्हणून गोळीही चुकत नाही.

पऱ्हाटीवाला

सिस्टर ताई, तुम्ही सांगतलं तसं केलं. दंड ३५ सेंटिमीटर निघाला. गुरुजींकडे मशीन होतं, मोठा पट्टा वर्ध्याहून मागवला. आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी दोन्ही हातावर मोजलं, डाव्यावर १५८/९८, उजव्यावर १६२/१००. म्हणाले, आठवडाभर उजव्यावर मोजून आणा, दुखण्याची गोळी आजपासून बंद. ती डायक्लोफेनॅकच होती.

पोरगी अकरावीले आहे, तिनं वही आखली. पहाटे गोठा झाडाच्या आधी अन् रात्री जेवणाच्या आधी मोजलं. दुसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सरासऱ्या: १५६/९८, १५४/९६, १५०/९४, १५२/९७, १४८/९५, १५२/९६. सगळी मिळून तिनं १५२/९६ काढली.

म्हणजे कमी निघालं, पण निघालंच न? आता सहा महिने मीठ-खर्रा कमी करून पाहावं का गोळी घ्यावी?

तालुक्याचा डॉक्टर

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, म्हणून इथून औषध देणार नाही, पण विचार कसा करतात ते सांगतो.

होय, निघालंच. मोठ्या पट्ट्यावर, शांत बसून, सहा दिवस मोजून १५२/९६ म्हणजे आता शंका उरली नाही. तुमच्या मुलीने फार नेटकं काम केलं आहे, तिला सांगा. अशी वही माझ्या टेबलावर आली की माझं निम्मं काम झालेलं असतं.

तुम्हाला काही होत नाही, हेच या आजाराचं खरं रूप आहे. बीपी दुखत नाही. पण चाळिशी ते सत्तरीच्या माणसात वरचा आकडा २० ने वाढला की लकव्याने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि ही चढण ११५ पासूनच सुरू होते.

तपासण्यांना दोन प्रश्नांची उत्तरं हवी असतात. पहिला, इतकी वर्षं कोणाला न कळता बीपीने आत काही बिघडवलं का? त्यासाठी किडनीचं कळायला रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन, हृदयाचं कळायला ईसीजी, आणि डोळ्याचा पडदा. सोबत उपाशीपोटी साखर आणि चरबीची तपासणी, कारण बीपी, साखर आणि तंबाखू एकत्र आले की धोका नुसता बेरजेने वाढत नाही. दुसरा प्रश्न, बीपी कशाने तरी मुद्दाम वाढलंय का? पोटॅशियम कमी निघालं तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा विचार करावा लागतो. रात्री मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारा. थायरॉइड बघावं लागू शकतं. तिशीच्या आतल्या माणसात हा शोध जास्त कसून घेतात.

सहा महिने थांबायचं का? तपासण्या साफ आल्या, तंबाखू नाही, घरात कोणाला लकवा नाही, अशा माणसाला १५० च्या आसपास मी दोन-तीन महिने मीठ, वजन, चालणं यावर ठेवतो. तुमचा खर्रा आहे आणि वडिलांचा इतिहास आहे. त्यात लघवीत अल्ब्युमिन निघालं तर मी थांबणार नाही. "गोळी लागली की सुटत नाही" हे लोक म्हणतात ते अर्धंच आहे. गोळीची सवय लागत नाही. बीपी कायमचं आहे म्हणून गोळी कायमची. वजन उतरलं, मीठ कमी झालं तर डोस कमी होतो, क्वचित बंदही होते, पण ते मोजून, डॉक्टरांसोबत.

पैशाची काळजी असेल तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे नोंद करा. तीस दिवसांच्या गोळ्या मोफत मिळतात. सरकारचा उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम महाराष्ट्रात ज्या पहिल्या चार जिल्ह्यांत आला, त्यात तुमचा वर्धा होता. भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग हे बाकीचे तीन.

वरुडची सून

मीठ कमी करा असं सगळे सांगतात, पण स्वयंपाक करणारीला ते कसं कळणार? मी केलेलं सांगते.

सासऱ्यांचं बीपी निघालं तेव्हा नवीन आणलेल्या किलोच्या मीठपुड्यावर पेनाने तारीख टाकली. घरात पाच मोठी माणसं. पुडा वीस दिवसांत संपला. म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम, माणशी १०. सांगितलेलं आहे माणशी ५ च्या आत, चहाचा एक सपाट चमचा. आणि पापड, बाहेरची शेव, चिवडा त्यात धरलेलाच नाही.

सासऱ्यांचं वेगळं शिजवलं नाही. वेगळं शिजवलं की माणूस आजारी असल्यासारखा ताटावर बसतो. सगळ्यांचंच कमी केलं. आधी भातातलं आणि कणकेतलं बंद, कोणाला कळलंसुद्धा नाही. मग ताटात कोपऱ्याला मीठ वाढायची रीत सोडली. सासूबाई दोन दिवस नाराज होत्या, ताट अर्धवट वाढल्यासारखं दिसतं म्हणाल्या. त्या जागी लिंबाची फोड ठेवू लागले. ठेच्यात मीठ निम्मं आणि लिंबू दुप्पट. जवसाच्या चटणीत थोडी चिंच. लोणचं रोजच्या ऐवजी रविवारी. वरणात मात्र एकदम कमी करू नका, तिथे लगेच कळतं. आठवड्याला चिमूटभर कमी करत जा. दोनेक महिन्यांत जीभ वळते.

आता पुडा ३४ दिवस जातो. माणशी सहा ग्रॅमच्या थोडं खाली.

दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. सासऱ्यांच्या गोळीसोबत चालणार नाही असं आम्हाला सांगितलं.

पऱ्हाटीवाला

दीड महिन्यानं लिहून राहिलो. पहिला वेचा झाला, त्यात वेळ गेला.

तपासण्या ग्रामीण रुग्णालयात झाल्या, डोळ्याचा पडदा सेवाग्रामले दाखवला. क्रिएटिनिन १.१, पोटॅशियम ४.३, ईसीजी ठीक, पडदा ठीक. उपाशीपोटी साखर १०८, म्हणजे उंबरठ्यावर. लघवीतलं अल्ब्युमिन ४६ निघालं, ते ३० च्या आत पाहिजे होतं. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू, पण आता थांबायचं नाही.

गोळी कोणती दिली? टेल्मिसार्टन ४०. घरी येऊन देवळीतलं पाकीट काढून पाहिलं तर तेच नाव, तोच आकडा. गोळी चुकीची नव्हतीच. मले फक्त कोणी बसून समजावलं नव्हतं, अन् कंबरेची गोळी कोणी विचारली नव्हती. या डॉक्टरांनी सांगतलं की ती अन् ही संग घेतल्या असत्या तर किडनीवर दुहेरी भार पडला असता. कंबरेले आता पॅरासिटामॉल, तेबी लागलं तरच. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन-पोटॅशियम पुन्हा केलं, जागच्या जागी आहे.

खर्रा पाचावरून एकावर आला. तो एक सुटून नाही राहिला, पण सोडणार आहे. बायकोनं मिठाच्या पुड्यावर तारीख टाकली.

मागच्या आठवड्याची सरासरी १३३/८४. डॉक्टर म्हणाले, रस्ता बरोबर आहे, आणखी थोडं खाली आणू.

एक विचाराचं राहिलं. मशीन घरात आहे म्हणून मायचं मोजलं. वय ६९. तीन दिवस मोजलं, १६४/७८, १६०/७६, १६६/८०. खालचं तर चांगलंच आहे. ती म्हणते, "मले काय होते बापा, तू तुयं पाय." हे बीपी धराचं का?

निवृत्त सिस्टर

धरायचं दादा. या वयात रक्तवाहिन्या कडक होतात, वरचा आकडा चढतो आणि खालचा तसाच राहतो किंवा उतरतो. नुसता वरचा जास्त असला तरी लकव्याचा धोका खराच असतो, आणि उपचाराने तो कमी होतो. खालचा चांगला दिसतो म्हणून अशा किती म्हाताऱ्या बायांना आम्हीच पूर्वी परत पाठवलं, ते आता आठवलं की वाईट वाटतं.

तिचं मोजताना एक जास्तीचं करा. बसून मोजल्यावर तिला उभं करा, भिंतीजवळ, आधार देऊन, आणि एक मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त पडत असेल तर तेही वहीत लिहा. अशा माणसाला गोळी कमी डोसने, हळूहळू वाढवत देतात, नाहीतर रात्री लघवीला उठताना पडून खुबा मोडतो.

आणि नेताना तिच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. गुडघ्याच्यासुद्धा.